गल्लीतून आलेला पापडांचा डबा

रिपोर्ट आला त्या आठवड्यात मी घरातले सगळे डबे घासून काढले. घासलेले पुन्हा घासले. उजव्या स्तनातली गाठ कॅन्सरची निघाली होती. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि तारीख मिळेपर्यंत थांबा म्हणाले. थांबणं मला कधी जमलेलं नाही. भोकरदनच्या स्टँडवर बसला उशीर झाला तरी मी येरझारा घालते, चौकशीच्या खिडकीशी जाऊन वाद घालते. इथे वाद घालायला खिडकीही नव्हती.

शाळेने रजा देऊन टाकली. पोरांच्या परीक्षा तोंडावर आलेल्या आणि त्यांची मराठीची मॅडम घरात बसून पडद्यांच्या कड्या मोजतेय. नवरा म्हणायचा, "बस की जरा एका जागी." तो स्वतः मात्र लख्ख असलेली मोटारसायकल पुसत राहायचा.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. नारळ आले, सफरचंदं आली, बिस्किटांचे पुडे तर दुकान टाकता येईल इतके आले. माणसं आधी माझ्या तोंडाकडे बघायची, मग नजर पदराकडे घसरायची, मग घाईघाईने कॅलेंडरवर जायची. रोगाचं नाव कुणीच घेत नव्हतं. 'ते', 'तसलं', नाहीतर नुसताच हात हलवायचा. एक मावससासू राजूरच्या गणपतीचा अंगारा घेऊन आल्या आणि 'तसलंच' झालेल्या त्यांच्या ओळखीतल्या बायकांच्या गोष्टी सांगू लागल्या. एकही बाई वाचलेली नव्हती. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी माझ्या चहाची फार तारीफ केली.

तोवर ऊन तापलं आणि पापडांचे दिवस आले. आमच्या गल्लीत उडदाचे पापड कुणी एकटीने करत नाही. आज एकीच्या घरी, उद्या दुसरीच्या, प्रत्येक घराचा नंबर ठरतो आणि प्रत्येक बाई आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जाते. निरोप सगळ्यांत आधी मला यायचा, कारण माझा हात जल्दी चालतो. ऑपरेशननंतर या हाताला जपावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून मला एवढंच हवं होतं, की त्याआधी एकदा त्या बायकांत बसून पोटभर लाटावं. मी लाटणं धुऊन, पुसून कट्ट्यावर ठेवलं.

समोरच्या काकूंच्या घरून पीठ कुटल्याचा आवाज आला. निरोप आला नाही. मग शेजारी कुटलं, मग कोपऱ्यावरच्या घरी. मी दारात उभी राहून गच्चीवरच्या चादरी बघायची आणि आत येऊन लाटणं पुन्हा धुवायची.

काही दिवसांनी काकूंची सून आली. हातात स्टीलचा डबा, वर फडकं बांधलेलं. "सगळ्यांनी आपापल्यातले काढलेत तुमच्यासाठी," ती म्हणाली. "आत्याबाईंनी सांगितलंय, तुमी बिलकुल दगदग करू नका."

मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले. आमच्याकडे ज्या घरात कुणी गेलं, त्या घरी त्या वर्षी पापड करत नाहीत. गल्ली आपापल्या वाळवणातला वाटा काढते आणि डबा भरून पोचवते. असे डबे मी स्वतः नेऊन दिले होते. असंच फडकं बांधून.

त्या रात्री मला आधी राग आला आणि मग नुसती भीती वाटली. वाटलं, मला न कळलेलं काहीतरी यांना कळलंय.

सकाळी पोळपाट काखेत मारलं आणि ज्या घरी नंबर होता तिथे सरळ आत गेले. गप्पा थांबल्या. काकू दोऱ्याने लाट्या कापत होत्या.

"मॅडम, तुमी कशाला आलात? डबा पोचला न्हाई का?"

"पोचला. काकू, असा डबा कुणाच्या घरी जातो?"

दोरा हातातच राहिला. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला तेव्हा कळलं, यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"न्हाई वं माय," काकू म्हणाल्या. "यंदा तुमच्याच्यानं होणार न्हाई, मंग लेकरं पापड काय खातील, एवढंच आलं मनात."

"मी अजून आहे," मी म्हणाले. आवाज चढला होता आणि मला रडूही आलं.

कुणी समजूत घातली नाही. काकूंनी शेजारणीला कोपराने सरकवलं, जागा केली आणि माझ्या पोळपाटावर लाटी टाकली. माझा पहिलाच पापड फाटला. "खडू धरून धरून हात बिघडला मॅडमचा," कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. थोड्या वेळाने शेजारणीने तेलात बुडवलेली लाटी माझ्या तोंडात घातली आणि विचारलं, "कॅन्सर दुखतो का वं?"

"दुखत नाही. झोप येत नाही," मी म्हणाले. गल्लीत तो शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला होता आणि छप्पर कोसळलं नव्हतं.

उठताना काकूंनी विचारलं, "तुमचा नंबर कधी धरायचा?"

"ऑपरेशन झाल्यावर."

"मंग उडीद दळून ठेवा. ऊन हाय अजून."

माझा नंबर आला तेव्हा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. बायका पोळपाटं घेऊन आल्या. मी दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं, दुसरं डाव्या हातात धरलं आणि लाट्या कापत बसले. कुठे बारीक, कुठे जाड. मध्येच उठून मी तो डबा काढला. त्यातला एकही पापड आम्ही तोवर तळला नव्हता. सगळेच्या सगळे तळले आणि चहासोबत पुढे ठेवले.

काकूंनी पापड उलटून पाहिला. "हे तर आमचेच."

"हो. त्या वेळचे. आज इथेच संपवायचेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मोठा तुकडा मोडून तोंडात टाकला. "मीठ जरा जास्तच पडलं होतं," म्हणाल्या आणि दुसरा उचलला.

संध्याकाळपर्यंत डबा रिकामा झाला. मी तो घासला, एकदाच. आमच्या घरचे पापड वाळल्यावर त्यात भरले आणि काकूंकडे पाठवून दिले. फडकं मात्र बांधलं नाही.