सहाबाईंचे निर्दोष नकाशे

शीतप्रयोगशाळेत रेखनाचे काम करणाऱ्या त्या बाईंना सारे सहाबाई म्हणत, आणि त्यांनाही ते नाव भूषणास्पद वाटे. अतिशीत अवस्थेत काही धातू अतिसंवाहक होतात, म्हणजे विजेला कणभरही अडवत नाहीत. त्यांत शिरलेले चुंबकत्व इवल्या भोवऱ्यांच्या रूपाने उभे राहते. हे भोवरे परस्परांना दूर लोटतात, आणि त्या लोटालोटीतूनच प्रत्येकाभोवती सहा शेजारी अशी विलक्षण शिस्त उपजते. लोखंडाची सूक्ष्म भुकटी भोवऱ्यांच्या माथ्यांवर बसवून सूक्ष्मदर्शकातून छायाचित्र घेतात. त्यावर पारदर्शक कागद ठेवून ठिपके उतरवायचे व शेजाऱ्यांना रेघांनी जोडायचे, हे व्रत सहाबाईंनी सव्वीस वर्षे चालवले होते.

संस्थेतील तरुण गणितीबाईंनी त्या वर्षी समीकरणांतून एक निष्कर्ष काढून त्यावरचा निबंध छापायला पाठवला होता. धातूच्या पट्टीच्या कडेपासून आत भोवऱ्यांची दाटी बदलत जाते, तिथे सर्वांना सहा शेजारी लाभणे अशक्य. पाच शेजाऱ्यांचा भोवरा आणि सात शेजाऱ्यांचा, अशा जोड्या दिसल्याच पाहिजेत. अशा पट्ट्यांच्या सहाबाईंनी काढलेल्या वीस नकाशांत तशी एकही जोडी नव्हती.

"मावशी, माझी पाच वर्षं पाण्यात गेली," गणितीबाई म्हणाल्या. "उद्या निबंध मागे घेते. तुमच्या रेघा काही खोटं बोलणार नाहीत."

घरी सहाबाईंचा उतरलेला चेहरा पाहून यजमानांनी कारण विचारले, आणि ऐकून ते हसत सुटले. "अगं, चादरीला सुरकुती दिसली की पाहुण्याला उठवणारी तू! त्या ठिपक्यांना बरी सोडशील?"

जेवता जेवता सहाबाईंना आपलीच रीत आठवली. कुणाला सातवा शेजारी निघाला, की तो ठिपका धूळ समजून त्या गाळत. पाचच भरले, तर भुकटी बसायची राहिली असे मानून एक घालत. याला त्या स्वच्छता म्हणत आल्या होत्या.

सकाळी त्या गणितीबाईंच्या दारात उभ्या राहिल्या. "निबंध मागे घेऊ नका, बाई. भोवऱ्यांना शिस्त मीच लावत होते. हवं तर कामावरून काढा."

"सव्वीस वर्षं?"

"सव्वीस वर्षं."

गणितीबाई कपाळाला हात लावून बसल्या. मग एकदम म्हणाल्या, "मूळ छायाचित्रं?"

"कपाटात. तारखेवार. एकही टाकलेलं नाही."

"मग इथे काय उभ्या राहिलात? किल्ली आणा!"

दोघी पहिल्या छायाचित्रावर वाकल्या. सहाबाईंचा हात दोनदा खोडरबराकडे गेला, तेव्हा गणितीबाईंनी ते उचलून स्वतःच्या खिशात टाकले. जे आहे तेच पाहायला डोळ्यांना नव्याने शिकवणे, तेही त्या वयात, याला मी तपश्चर्याच म्हणेन. दुपारपर्यंत पाच-सातच्या अकरा जोड्या उमटल्या, समीकरणाने सांगितलेल्या पट्ट्यातच.

"पाचाला तांबडी पेन्सिल, साताला निळी," गणितीबाई म्हणाल्या. "अजून एकोणीस आहेत, मावशी."

सहाबाईंनी दुसरा कागद अंथरला. "आणि आठ निघाले तर?"

"माझ्या गणितात आठ नाहीत. निघाले तर हाक मारा, धावत येते."