तोंडावरचं ऊन

गल्लीत कुणी गेलं की तिरडी बांधायला मलाच बोलावतात. त्यामुळे स्मशानात सरण रचणाऱ्या त्या माणसाशी जुनी ओळख. नाव मात्र कधी विचारलं नाही. रडणाऱ्यांनाही तो दरडावून विचारायचा, "पेसमेकर बसवलाय का? आदी सांगा, आगीत फुटतंय ते." मला तो उर्मटच वाटायचा.

गेल्या महिन्यात आईला नेलं. भर दुपार होती आणि धाकटा भाऊ पुण्याहून यायचा होता. आईच्या तोंडावर ऊन आलं, तसा हा खांद्यावरचा टॉवेल दोन्ही हातांनी ताणून सावली धरून उभा राहिला, भाऊ येईपर्यंत.

"मामा, असू द्या. आता अग्नीच द्यायचाय," मी म्हणालो.

"ते मग देऊ की. तवर उन्हाचा चटका कशाला बसू द्यायचा म्हातारीला?"