पंचमीचा दोर

पुण्याच्या बसमध्ये अप्पा माझी बॅग ठेवायला म्हणून चढले आणि उतरलेच नाहीत. धारवाडचा बसस्टँड मागे पडला तरी हा माणूस आपला माझ्या शेजारी बसून शेंगा सोलतोय. कंडक्टर आला तेव्हा त्यांनी शांतपणे बेळगावपर्यंतचं तिकीट काढलं. बेळगावात त्यांचं काडीचंही काम नव्हतं. लेक नोकरीसाठी निघाली आहे आणि कुठल्याही क्षणी रडणार आहे, हे ओळखून त्यांनी निरोपाची सहल करून टाकली. वाटेत मला उसाच्या गाड्या दाखवल्या, ढाब्यांना नावं ठेवली. बेळगावला उतरताना म्हणाले, "जा, जग बघून ये. आम्ही कुठं जाणार आहोत? इथंच आहोत की." मग खिडकीखाली उभं राहून उरलेल्या शेंगांची पुडी वर दिली आणि परतीची बस शोधायला गेले.

घर सोडून गेलेल्या प्रत्येकाला असं एखादं वाक्य मिळालेलं असतं. तुम्हालाही मिळालं असेल. माझ्या पुण्यातल्या सगळ्या वर्षांना या वाक्याचा टेकू होता.

पुण्यात आम्ही 'वीकेंड प्लॅन' करायचो. चार दिवस आधी ग्रुपवर चर्चा, मग बुकिंग, मग पार्किंग मिळेल का याची काळजी, आणि घरी परतल्यावर सगळ्यांची कंबर धरलेली. अप्पांच्या सहलीला यातलं काही लागायचं नाही. ते शाळेत भूगोल शिकवायचे आणि सुट्टीच्या दुपारी झोपून उठले की शर्ट चढवून म्हणायचे, "चल, हुबळीत काय नवीन आहे बघून येऊ." हुबळीत काहीही नवीन नसायचं. आम्ही बसने जायचो, गाड्यावर उभं राहून चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरचीची भजी खायचो आणि उतरायच्या आधी बडीशेप चावायचो, कारण आईला 'बाहेर काही खाल्लं नाही' असं सांगायचं ठरलेलं. आईला आम्ही पायरीवर असतानाच वास यायचा. ती फक्त रात्री भात कमी लावायची.

आणि पंचमी. आमच्याकडं नागपंचमी म्हणजे लेकींचा सण, दिवाळीपेक्षा मोठा. शेंगदाण्याच्या, रव्याच्या, डाळ्याच्या उंड्या वळायच्या, म्हणजे लाडूच, आणि झाडाला झोका बांधायचा. आमच्या परसात कडुलिंब होता. वर्षभर कोठीतल्या खुंटीवर लोंबणारा जाड दोर अप्पा त्या दिवशी खाली काढायचे. गाठ मारून झाली की पँटचे पाय दुमडून स्वतः त्या दोराला लोंबकळायचे, गुडघे पोटाशी घेऊन. भिंतीपलीकडून शेजारच्या शारदाक्काची पोरं खिदळायची. अप्पांना त्याचं काही नसायचं. "गाठ बघितल्याशिवाय कुणी बसायचं नाही," असं म्हणून ते खाली उतरत आणि मग माझा नंबर लागे. जोरात गेलं की वरून भिंतीपलीकडचं शारदाक्काचं अंगण दिसायचं. त्यांच्या वाळत घातलेल्या पापडांवरसुद्धा आमची नजर असायची.

पुण्यात पंचमीला रजा कोण देणार? आई कुरिअरनं उंड्या पाठवायची. निम्म्या फुटलेल्या असायच्या. फोनवर म्हणायची, "पुढच्या वर्षी ये. दोर खुंटीवरच आहे."

यंदा मे महिन्यात नवऱ्याच्या बदलीचा विषय निघाला. त्याला नाशिक हवं होतं. मी हट्टानं हुबळी मागून घ्यायला लावलं, माझी नोकरी सोडली, आणि बदली झाल्याचं अप्पांना फोनवर ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "वा वा. छान झालं." आणि लगेच फोन आईकडं दिला. मला वाटलं, गहिवरलेत.

जूनमध्ये आम्ही हुबळीच्या केशवापुरात भाड्यानं फ्लॅट घेतला. दर शनिवारी मी धारवाडला जाणार हे ठरलेलंच होतं. पण पहिल्याच शनिवारी अप्पांचा फोन. "तू येऊ नकोस, मीच येतो. बऱ्याच दिवसांत अमरगोळ बघितलं नाही." आम्ही अमरगोळच्या बाजारात गेलो. मिरच्यांच्या ढिगांमधून चालताना अप्पांना शिंका सुरू झाल्या, त्यांच्यामागून मला, आणि तिथले हमाल हातातली पोती टेकवून आमच्याकडं बघत हसायला लागले. पुढच्या शनिवारी उणकलचं तळं. त्यानंतर उगाचच शेवटच्या स्टॉपपर्यंत आणि परत. गार हवेच्या बसमध्ये खिडकी उघडत नाही म्हणून अप्पा ड्रायव्हरला ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटत बसायचे. मी इतकी हसत होते की नवरा म्हणायचा, पुण्यात तुला असं कधी बघितलं नाही.

धारवाडला जाणं व्हायचं ते संध्याकाळी, तासाभरापुरतं. बाहेरच्या खोलीत चहा. आतल्या खोलीचं दार बंद. "वाळवीचं औषध मारलंय," आई म्हणायची. मला तर तेव्हा वाळवीचीच कीव आली. इतक्या वर्षांनी तिलासुद्धा घर सोडावं लागतंय, असं काहीतरी मी बोलले आणि स्वतःच हसले. आई मात्र चहाचे कप उचलून आत गेली.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी आम्ही हुबळीच्या बाजारात, दाजीबानपेठेत होतो. पंचमीची लुगडी, झबली, खणांचे ढीग. अप्पांचा तिथला आवडता खेळ म्हणजे काही विकत न घेता भाव विचारत जाणं. तेवढ्यात समोरून शारदाक्का आली, दोन्ही हातांत पिशव्या.

"अग बाई, तू हित्तं? बरं झालं भेटलीस," ती म्हणाली. "तुझ्या आईनं तुमचा दोर मला दिला बघ. यंदा आमच्या आंब्याला बांधणार. बेंगळूरला फ्लॅटात कुठं बांधायचा म्हणाली, खरं आहे की. सर, ट्रक बुधवारीच ना? आमची पोरं पाठवते हं सामान चढवायला."

अप्पा शेजारच्या दुकानातल्या साड्या बघायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भाव विचारला नाही.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "कधी ठरलं?"

"उगादीला. अण्णा आला होता ना." अण्णा म्हणजे माझा भाऊ, बंगळूरला असतो.

उगादी, म्हणजे गुढीपाडवा. मी बदली मागायला लावली त्याच्या आधी. मी फोनवर ओरडत होते तेव्हा घराचा सौदा झालेला होता.

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू इतकी खूश होतीस, बाळ. जीभ रेटेना. मग म्हटलं, जेवढे शनिवार हाताशी आहेत तेवढे तरी हसत जाऊ देत. घरी आली असतीस तर बांधाबांध दिसली असती."

आईचे गुडघे गेलेत, अप्पांना एका डोळ्यानं नीट दिसत नाही, अण्णाला सारखं येणं जमत नाही. कारणांना मी नावं ठेवत नाही. पण माझ्यासाठी एकही कारण नव्हतं का? मी सगळं गुंडाळून जिच्यासाठी आले ती जागा रिकामी होत होती, आणि मी मिरच्यांच्या ढिगात शिंकत होते. मला फसवलं होतं, तेही माझ्या सगळ्यात लाडक्या खेळानं. आता त्या शिंका आठवल्या तरी हसू येत नाही, कान गरम होतात. आई एवढंच म्हणाली, "मी त्यांना म्हणत होते, सांगा म्हणून." म्हणजे तिनंही सांगितलं नाही.

ते गेले तेव्हा मी धारवाड स्टेशनवर होते. बंगळूरची गाडी आधी हुबळीला थांबते. अप्पांनी खिशातून तीन तिकिटं काढली. "तुझं हुबळीपर्यंतचं काढलंय. चल की, तेवढीच एक सहल." मी चढले नाही. ते दारात उभे राहिले, गाडी हलली तरी तिकीट धरलेला हात तसाच पुढे. मी पुलावरून बाहेर आले आणि बसनं घरी गेले. बसमध्ये रडले, अगदी शेवटच्या स्टॉपपर्यंत.

पंचमीला आई म्हणाली, बंगळूरला ये. मी नाही म्हटलं. शारदाक्कानं मात्र सकाळपासून फोन करून सोडलं नाही. गेले शेवटी. तिच्या आंब्याला आमचा दोर. पोरांची रांग लागलेली. मी चपला काढल्या, दोर दोन्ही हातांनी धरला, गुडघे पोटाशी घेतले आणि लोंबकळले. पोरं खिदळली. "अक्का, हे काय?" कुणीतरी विचारलं. गाठ घट्ट होती. मग बसले.

झोका चढला तसा भिंतीपलीकडचा आमचा कडुलिंब दिसला. खाली नव्या लोकांची स्कूटर, दोरीवर कुणाचे तरी टॉवेल, कोठीच्या खिडकीला निळा रंग. खाली आलं की नुसती भिंत, वर गेलं की पुन्हा ते सगळं. याला आता घर म्हणायचं असेल तर इतकंच उरलंय, आणि तेही दुसऱ्याच्या अंगणातून, पाय वर घेतल्यावर. तेवढ्यात ओढणीत बांधलेला फोन वाजला. अप्पा. स्टेशननंतर मी त्यांच्याशी बोलले नव्हते. झोका मंद होऊ दिला आणि उचलला.

"कुठं आहेस?"

"घरी," मी म्हणाले. बडीशेप चावून आईला जसं सांगायचो, तसं.

पोरांचा गलका त्यांच्या कानावर जात असणार, आणि तो दोर करकरतो कसा हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे?

"गाठ कुणी बघितली?" त्यांनी विचारलं.

"मी बघितली, अप्पा. तुम्ही नव्हता ना."