फ्लेक्सवर लिहायचा विषय

मला पीएच.डी. मिळाल्याचं कळलं त्याच दिवशी अब्बांनी भूमच्या एसटी स्टँडसमोर अभिनंदनाचा फ्लेक्स लावायचं ठरवलं. त्यांचं टेलरिंगचं दुकान तिथंच आहे. फोटो त्यांनी निवडूनही ठेवला होता, फक्त विषय हवा होता. मी म्हटलं, तत्त्वज्ञान लिहा, बास.

घरात मी चार वर्षं एवढंच सांगत आले होते. खरा विषय होता आधुनिक ज्यू विचार आणि युरोपातलं तत्त्वज्ञान. पुण्यात तो सांगताना मी जरा मिरवायचेसुद्धा, पण घरी आलं की जीभ आखडायची. टीव्हीवर रोज गाझातली पडलेली घरं, दुकानात दिवसभर त्याचंच बोलणं, आणि त्याच चौकात टेलरमास्तरांची पोरगी ज्यूंवर डॉक्टर झाल्याचं मोठाल्या अक्षरांत? मला काय, मी पुण्याला निघून जाणार. जुम्म्याच्या नमाजाला अब्बांनाच जायचं होतं.

"विद्यापीठाचं पत्र म्या वाचलंय," अब्बा म्हणाले.

मग मी भडाभडा सगळं सांगितलं. यातल्या कित्येक विचारवंतांची घरची माणसं युरोपातल्या ज्यूंच्या कत्तलीत मारली गेली होती, आणि तरी ते म्हणतात की समोर माणूस आला की तो कोण हे कळण्याआधीच त्याची जबाबदारी आपल्यावर येते. गळ्यातली टेप न काढता अब्बा ऐकत राहिले.

"हे चांगलं हाय का?"

"चांगलंय."

"मग लपवलंस कशाला?"

तुमच्यासाठीच, असं मी फणकाऱ्यानं म्हणाले. ते निम्मंच खरं होतं. मी स्वतःच घाबरले होते.

फ्लेक्सवर पूर्ण विषय आला. शुक्रवारी दुपारी मी दारातून आत, आतून दारात अशा येरझाऱ्या घालत होते. अब्बा नमाजाहून नेहमीपेक्षा तासभर उशिरा आले. तिघांनी फ्लेक्सबद्दल विचारलं, म्हणाले. दोघांना त्यांनी आपल्याला समजलं तसं सांगितलं. तिसरे माझे शाळेतले गुरुजी. ते अब्बांचं काही ऐकायला तयार नव्हते, पोरीलाच विचारतो म्हणाले. पाच वाजता घरी येणार होते.

मी धावत जाऊन प्रबंध आणला आणि उत्तरं सापडतील अशा पानांवर खुणा घालू लागले. अब्बांनी प्रबंध काढून घेतला.

"कागद राहू दे. लई रागात हायेत ते. आधी त्यांचं ऐकून घे."