तिसरी हाक

आमच्याकडे तिन्हीसांजेला पाण्यावरून हाक आली, तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही. भूत म्हणे दोनदाच हाक मारतं, तिसरी माणसाची. मी चार बुकं शिकलेली, असल्या गोष्टींना हसणारी. पण माझ्या वडिलांना, आबांना, याच नियमानं नेलं.

मी नऊ वर्षांची होते. आबा ट्रकच्या ट्यूबवर बसून धरणात जाळी काढायला गेले होते. आई आणि मी काठावर. अंधारत आलेल्या पाण्यावरून हाक आली, "अगं एऽऽ!" मी ओ द्यायला तोंड उघडलं, तर आईनं त्यावर हात दाबून धरला. पुन्हा हाक आली. तिसरी आलीच नाही. सकाळी रिकामी ट्यूब काठाला लागली. त्या हाताबद्दल आम्ही दोघी आजवर एक शब्द बोललेलो नाही.

गेल्या जानेवारीत अमेरिकेतल्या धाकट्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. ती समुद्राकाठच्या कड्यावर उभी होती. थंडीत करडे देवमासे तिथून दक्षिणेला जातात, ते आईला दाखवायची तिला भारी हौस. तिकडे तिन्हीसांज, इकडे नुकतं उजाडलेलं. घरात रेंज नाही, म्हणून आम्ही धरणाच्या काठाला आलो होतो. धुक्यात समोरचा डोंगरही दिसत नव्हता.

स्क्रीनवर नुसतं काळपट पाणी. मग फूऽऽ असा आवाज आला.

"श्वास घेतोय," बहीण म्हणाली. "तीन-चारदा वर येतो, मग खोल बुडी."

"आन परत वर येतंय?" आईनं विचारलं.

"येतो की. पाचेक मिनिटांत."

दुसरा श्वास आला. आईचे ओठ हलत होते. ती मोजत होती.

तेवढ्यात चित्र थिजलं. "गेली मेली रेंज," म्हणत मी फोन बंद करून पिशवीत टाकला. "चल, चहा टाकते." आई जागची हलेना.

आणि तिसरा श्वास आला. धुक्यातून, अगदी समोरून, पोहून दमलेल्या माणसाचा.

मी घाबरले, खोटं कशाला सांगू? माझा हात आपोआप माझ्याच तोंडावर गेला. आईनं तो धरून खाली ओढला.

"दे गं ओ," ती म्हणाली. "तिसरी हाय."