कप्तानाला कोणी विचारेना

बेटावर ज्याला सगळे कप्तान म्हणतात, त्याने उभ्या जन्मात जहाज चालवलेलं नाही. त्याची एक काचेच्या तळाची होडी आहे. पाहुण्यांना धक्क्यावरून घ्यायचं, प्रवाळांवरून फिरवायचं, काचेतून माशांचे थवे दाखवायचे आणि पुन्हा धक्क्यावर आणून सोडायचं, हा त्याचा धंदा. पण डोक्याला पांढरी टोपी, टोपीवर पितळी नांगर, अंगात पोपटांचा शर्ट आणि बोलणं असं, की समुद्र जणू यानेच बादल्यांनी भरून ठेवलाय. अशा माणसाला कप्तान नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

पूर्वी त्याचे दिवस मजेत होते. होडीत पाय टाकायच्या आधीच पाहुणे त्याचे फोटो काढायला लागायचे. सुकाणू धरलेला कप्तान, दुर्बीण लावलेला कप्तान. दुर्बिणीची एक काच फुटलेली होती, पण ते फोटोत कुठं दिसतंय. जगातल्या कुठल्याकुठल्या दिवाणखान्यात आपण भिंतीवर लटकतोय, असं तो जेवताना बायकोला ऐकवायचा. ती म्हणायची, "तिथं कोळिष्टकं तरी काढतात का, विचारा एकदा."

मग बेटावर जबाबदार पर्यटन आलं. बेटाच्या समितीने नियम केले: प्रवाळावर पाय द्यायचा नाही, शंखशिंपले खिशात घालायचे नाहीत, आणलेला कचरा आपला आपण परत न्यायचा, आणि माणसांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. हे सगळं होडी सुटण्याआधी मोठ्याने सांगायचं काम आलं कप्तानाकडेच. पहिले तीन नियम तो पाढे म्हटल्यासारखे उरकायचा. चौथ्याला मात्र आवाज जड व्हायचा. टोपी सारखी करून, दुर्बीण उचलून तो लांब क्षितिजाकडे बघत थांबायचा. घ्या, विचारा. पाहुणे शहाण्या मुलांसारख्या माना डोलवायचे आणि कॅमेरे निमूट पिशवीत घालायचे. इतकी आज्ञाधारक माणसं कप्तानाने दुसरी पाहिली नव्हती.

त्याचं असं आहे, फुकट काढायचा तेव्हा माणूस कशाचाही फोटो काढतो. विचारायचं म्हटलं की निवडून विचारतो. आज कोणाला विचारलं आणि कोणाला नाही, हे आता संध्याकाळपर्यंत बेटावरच्या ओट्याओट्यावर कळायला लागलं. आणि सगळ्यात जास्त विचारणा कोणाला होती? कप्तानाच्या बायकोला.

तिला सगळं बेट काकू म्हणतं. धक्क्यावरून वर येणाऱ्या वाटेवरच तिची पडवी, तिथं ती दिवसभर काथ्याची दोरी वळत बसते. शेजारी नारळाच्या कुजवलेल्या सालांचा, सोडणांचा ढीग. त्याचा वास असा, की मांजरसुद्धा पलीकडून जातं. केस कसेतरी गुंडाळलेले, कपाळाला आठ्या, आणि तळहात असे की त्यांनी भांडी घासावीत. पाहुणे नेमके तिथं येऊन थांबायचे. एक हात छातीवर ठेवून, आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तशा आवाजात विचारायचे, आपला एक फोटो काढला तर आपली काही हरकत तर नाही ना? काकू वर न बघता म्हणायची, "नको."

आणि गंमत म्हणजे त्या "नको"ने ते खूशच व्हायचे. मान लववायचे, क्षमा मागायचे, उलट्या पावली मागे सरायचे, आणि होडीत बसल्यावर कप्तानालाच सांगायचे, काय ती बाई, काय तिचा करारीपणा. ती याचीच बायको हे त्यांना काय माहीत. कप्तान हसून मान हलवायचा आणि इंजिनाची दोरी अशी हिसडायचा, की एखाद्याला वाटावं हा कोणाची तरी वेणी ओढतोय.

घरी आला की तिरकस सुरू. आज कोणाकोणाला वाटेला लावलं बाईसाहेबांनी, वगैरे. ती म्हणायची, कोण लक्षात ठेवतंय. मग शांतपणे विचारायची, "तुम्हाला विचारलं का कोणी?" ती हे साधेपणाने विचारते की मीठ चोळायला, हे लग्नाला एवढी वर्षं होऊनही त्याला ओळखता आलेलं नाही. पोटात मात्र दुखायचंच. बाहेरच्याचा हेवा वाटला तर घरी येऊन बोलता तरी येतं. घरच्याच माणसाचा हेवा करायचा आणि तिनेच वाढलेलं मुकाट गिळायचं, हा भोग वैऱ्याच्याही वाट्याला नको.

एकदा होडीतल्या एका बाईंच्या तोंडून त्याने ऐकलं, की आम्हाला इथलं खरं जगणं बघायचंय, नटवलेलं नकोय. झालं. कप्तानाने टोपी खुंटीला अडकवली, पोपट उतरवले, भोकं पडलेलं बनियन चढवलं, दाढी वाढवली आणि सुटीच्या दिवशी काथ्याचा पुंजका घेऊन पडवीत बायकोच्या शेजारी बसला. खरं जगणं, बघा किती बघायचंय ते. पण दोरी वळणं म्हणजे समुद्राच्या गप्पा मारणं नव्हे. त्याच्या नाकात काथ्या, कानात काथ्या, आणि हातात जी काही दोरी झाली, ती एका टोकाला अजगर तर दुसऱ्या टोकाला गांडूळ.

तेवढ्यात एक जोडपं आलं. काकूला विचारलं, नको ऐकलं, मान लववली. मग त्यांची नजर कप्तानाकडे गेली. त्याने पुंजका जरा वर धरला. त्यातल्या नवऱ्याने फार आस्थेने काकूला विचारलं, यांना बरं नाहीये का? काकू म्हणाली, बरे आहेत, दिसतात असे.

जोडपं गेल्यावर तिने त्याच्या हातातली दोरी उचलून उजेडात धरली. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात," ती म्हणाली. "तुमचं उलटं. पीळ बसायच्या आधीच जळायला लागलाय."

त्यानंतर फलकाची बातमी आली. धक्क्यावर समिती मोठा थोरला फलक लावणार, 'बेटावर आपलं स्वागत', आणि त्यावर बेटावरच्या एका माणसाचा चेहरा, पुरुषभर उंच. फोटोवाली खास त्यासाठी येणार. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, कप्तानाने तर आख्ख्या अंगाला बांधलं. टोपी धुतली, नांगर राखेने घासला, पोपटांना इस्त्री केली. येणारे जाणारे सगळे त्या फलकाखालून जाणार होते, आणि काकूच्या पडवीतून तो सरळ समोर दिसणार होता.

फोटोवाली आली ती आधी पडवीतच शिरली. काकूने नको म्हटलं. दोघी थोडा वेळ काहीतरी बोलल्या, आणि फोटोवाली थेट धक्क्यावर आली, होडीपाशी. हात छातीवर ठेवला. खालच्या आवाजात विचारलं, आपला फोटो काढू का?

जे ऐकायला त्याचे कान सुकले होते, ते शेवटी कोणीतरी विचारलं. धक्क्यावरच्या तिकीटवाल्याने खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर येऊन ऐकलं. "हो" अगदी जिभेच्या टोकावर आला होता. पण हो म्हटलं तर आपण दुसरे ठरणार, बायकोने टाकलेलं उचलणारे. आणि मान कशाने मिळतो ते त्याने रोज डोळ्यांनी पाहिलं होतं. पंगतीत नको नको म्हणणाऱ्याच्याच पानात वाढपी जास्त वाढतो. एकदा नको म्हणू, ती गळ घालेल, आपण आढेवेढे घेऊ, आणि मग मोठ्या मनाने.

कप्तानाने कपाळाला हुबेहूब बायकोच्या आठ्या घातल्या आणि वर न बघता तो म्हणाला, "नको."

फोटोवालीने मान लववली. क्षमा मागितली. उलट्या पावली मागे सरली.

"अहो, म्हणजे अगदीच तसं नाही," कप्तान म्हणाला, पण धक्क्यावर होड्यांची इंजिनं धडधडत होती, आणि ती तोवर तिकिटाच्या खिडकीशी पोचली होती. तिकीटवाला तिचा प्रश्न संपायच्या आत "हो" म्हणून केस विंचरायला लागला होता.

संध्याकाळी काकूने ताट वाढलं.

"विचारलं म्हणे."

"विचारलं."

"मग?"

"नको म्हटलं."

काकू वाढता हात तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिली. "मला नको असतं म्हणून मी नको म्हणते. तुम्हाला तर हवं होतं."

कप्तान उसळला. तुला एवढं नकोच होतं, तर तिला आधी माझ्याकडे का नाही पाठवलंस, म्हणाला.

"पाठवलं की," काकू म्हणाली. "नाहीतर ती तुमच्या होडीकडे कशाला आली असती?"

कप्तान भात पुन्हा पुन्हा कालवत बसला. म्हणजे जन्मात एकदा विचारणा झाली, तीसुद्धा हिच्याच चिठ्ठीवर. तो ताटावरून उठला नाही, उठला असता तर तिला कळलं असतं.

आता धक्क्यावरच्या फलकातून तिकीटवाला पुरुषभर हसतोय. दात असे चकाकतात, की पाहुणे त्याला खिडकीत ओळखून हात मिळवतात. कप्तान होडी फलकाच्या पाठीमागे, धक्क्याच्या पलीकडच्या अंगाला बांधतो. तिथं लाटा जास्त आपटतात आणि पाहुण्यांना हात धरून उतरवावं लागतं. का म्हणून विचारलं तर सांगतो, इकडे पाणी खोल आहे.