तुमीच म्हणलता, मालक

“इंग्रजीत मोज. लई येतंय ना तुला?”

मी कान धरले. वन. टू. थ्री. तात्यांच्या ओट्यावर पाच-सहा माणसं चहा पीत बसलेली आणि मी खाली अंगणात उठाबशा काढतेय. बारा वर्षांची होते. टेन म्हणाले तेव्हा वरून कुणीतरी बोललं, “उच्चार बरा हाय की पोरीचा.” सगळे खदाखदा हसले. पायरीपाशी माझा बाप उभा होता. खांद्यावर घोंगडं, हात जोडलेले. तोही हसला. पंचवीस उठाबशांचं मला आज काही वाटत नाही. बाप का हसला, हे मात्र अजून डोक्यातून जात नाही.

गुन्हा काय होता, सांगते.

तात्या म्हणजे आमच्या गावचे बडे शेतकरी. आम्ही मेंढरंवाले. आमची मेंढरं त्यांच्या रानात बसायची. त्यांना लेंडीखत मिळायचं, आम्हाला चारा आणि त्यांच्या विहिरीचं पाणी. मला वाचायचा भारी नाद. किराण्याची पुडी सुटली की कागद माझा. आबा, म्हणजे माझा बाप, मेंढरांमागं रेडिओ घेऊन हिंडायचे, तो मी कान लावून ऐकायची. शाळेतलं पुस्तकांचं कपाट तर मी सातवीच्या आत संपवलं होतं. हे तात्यांना कळलं आणि त्यांनी माझा खेळ मांडला. पाव्हणे आले की हाक यायची. “आमच्या मेंढक्याची पोर हाय. इचारा कायबी.” पाव्हणे विचारायचे. जपानची राजधानी काय, खेकड्याचं रगत निळं कावून. मी धडाधड सांगायची. वर एक बिस्किटाचा पुडा. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. एवढी मोठी माणसं आपल्याला विचारतात म्हणून मी फुगायची.

त्या दिवशी बीडहून एक साहेब आले होते. बोलता बोलता म्हणाले, “गोदावरी बघा. कुठं महाबळेश्वरला उगम, आन् कुठं आपली गेवराई.”

मी पटकन म्हणाले, “त्र्यंबकेश्वर. महाबळेश्वरला कृष्णा.”

मला कुणी विचारलं नव्हतं. एवढाच गुन्हा. साहेबांचा कप तोंडाशी गेलेला, तो खाली आला. तात्या म्हणाले, “तुला इचारलं का? इचारल्याबिगर तोंड उघडायचं न्हाई. साहेबाला शिकवती व्हय?”

मग कान.

घरी जाताना ओढा ओलांडल्यावर आबा म्हणाले, “खरं बोललीस. पण बोलायची रीत असती. आपल्याला ठावं असलं तरी आपल्या नावानं सांगायचं न्हाई. म्हणायचं, मालक, तुमीच म्हणलता ना मागं. मग ऐकत्यात. काम बी व्हतं आन् कुणाला राग बी येत न्हाई.”

ही रीत आबांनी त्यांच्या बापाकडून घेतलेली. आमच्यातले सगळे म्हातारे असंच बोलायचे. कुठल्या रानात पाणी लागेल, कुठला बैल आतून आजारी आहे, सगळं ह्यांना कळणार, आणि जाणार मालकांच्या नावावर. मीही ती रीत शिकले. पक्की शिकले. शाळेत म्हणायची, “सर, तुमीच सांगितलं होतं.” सर खूश. गावातल्या बाया म्हणायच्या, पोरगी हुशार हाय पण मिजास न्हाई हो तिला!

दोन वर्षं अशी गेली. त्या साली ज्वारी निघाल्यावर अवकाळी पडला. बुडख्यांना हिरवेगार फुटवे आले आणि मग दहा दिवस नुसतं ऊन. फुटव्यांनी माना टाकल्या. ज्वारीचा असला तहानलेला फुटवा म्हणजे मेंढराला ईख, निव्वळ विष, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तात्यांना रान नांगरायची घाई. त्याआधी मेंढरं फिरवून खत पाहिजे होतं. म्हणाले, “आजच घाल.”

आबांनी हात जोडले. “मालक, तुमीच म्हणलता ना मागं, फुटव्याला ताण बसला की मेंढरं घालू न्हाई म्हणून?”

“मी कवा म्हणलो बे? घाल गुमान. न्हाईतर इहिरीवर येऊ नको.”

झालं. ज्याच्या नावावर गोष्ट टाकली, त्यानंच ती मोडली. आता आबा काय बोलणार? ‘मी म्हणतो’ असं त्यांना जन्मात म्हणता आलं नव्हतं. मी शेजारीच उभी होते. मलाही माहीत होतं. मीही गप्प बसले, कारण मला कुणी विचारलं नव्हतं.

मेंढरं आत गेली. थोड्या वेळात पहिली पडली. तोंडाला फेस, पाय झाडतेय. आम्ही बोंबलत बाकीची बाहेर काढली, गुळाचं पाणी पाजलं, पळापळ केली. नऊ मेली. त्यातल्या दोन गाभण होत्या.

गाव गोळा झालं. तात्याही आले, आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “म्या सांगितलं व्हतं ह्याला. ताणाच्या फुटव्यात ईख असतं म्हणून. ह्यांना कुठली आलीय अक्कल!”

आणि माझ्या बापानं मान हलवली. “व्हय मालक. तुमीच म्हणलता.”

अरे, काय हे! मेंढरं आमची मेली, चूक आमची ठरली आणि अक्कल मात्र त्यांची. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. मी ओरडले, “न्हाई! तात्या असं कवाच म्हणले न्हाईत. माझा बाप म्हणत व्हता. ह्यांनी ऐकलं न्हाई!”

आबांनी तिथंच माझ्या कानफटात मारली. विहिरीचं पाणी तर आमचं तुटलंच. पुढच्या महिन्यात बिऱ्हाड उचललं आणि घाटनांदूरकडं, आत्याच्या गावाला गेलो. आबा माझ्याशी किती तरी दिवस धड बोलले नाहीत. पण त्या दिवसानंतर ‘तुमीच म्हणलता’ हे माझ्या तोंडातून पुन्हा निघालं नाही.

आज मी केजला असते. जनावरांच्या औषधपाण्याचंच काम करते. बैठकीत बोलले की आमचे वरचे साहेब नंतर हळूच सांगतात, “मॅडम, तुमचं बरोबर असतं हो. पण जरा शिष्टपणा वाटतो. नम्रपणे मांडा.” हेच साहेब पाऊसमानापासून परदेशातल्या निवडणुकांपर्यंत तासभर बोलतात. त्याला सगळे व्यासंग म्हणतात. मी दोन वाक्यं बोलले की शिष्टपणा. कावून? मला एकदा सांगा तरी.

नम्रपणा मला कळत नाही असं नाही. एखादी गोष्ट कुणाकडून कळली ते मी सांगते. समोरच्याचं काय म्हणणं आहे ते विचारते. माहीत नसलं तर माहीत नाही म्हणते. चुकले तर चारचौघांत दाखवा, ऐकून घेईन. एवढी रीत मी पाळते. याच्यापुढं एक पाऊल नाही.

मागच्या आठवड्यात आबांकडं गेले होते. एक मेंढी लंगडत होती. मी पाय वरवर पाहिला आणि सुई भरायला घेतली. आबा जवळ येऊन उभे राहिले. खाकरले. मग अदबीनं म्हणाले, “पोरी, तूच म्हणलती ना मागं, सुई द्यायच्या आधी खुराच्या बेचक्यात काटा बघावा म्हणून?”

मी असं कधीच म्हणाले नव्हते.

माझा हात तिथंच थांबला. माझ्या बापानं मला मालक केलं होतं. मी कधी त्या ओट्यावर जाऊन बसले, माझं मलाच कळलं नाही.

बेचक्यात बघितलं. बाभळीचा काटा होता. काढला. म्हणाले, “आबा, मी न्हाई म्हणले. हे तुमचं हाय. ‘मी म्हणतो’ असं म्हणा.”

आबा हसले. तेच ते, पायरीपाशी उभं राहून हसलेलं हसू. “जाऊ दे की. कुणी का म्हणलं असंना.”

“न्हाई जाऊ देणार.”

आबा काठी घेऊन मेंढरांमागं गेले. मी पुढच्या आठवड्यात जाणार आहे, त्याच्या पुढच्याही. दर वेळी त्यांना विचारणार आहे, हे कोण म्हणतं. मला कुणी विचारलं नाही म्हणून मी कुठल्याच बैठकीत गप्प बसणार नाही, आणि आबांच्या तोंडून ‘मी म्हणतो’ निघाल्याशिवाय त्यांनाही सोडणार नाही.